हुकलेल्या डॉक्टरकीचे शास्त्र?

नीटचा निकाल लागला की भोर-वेल्ह्यातल्या सायन्सच्या मुलामुलींच्या घरी एक ठरलेली उतरंड लागते. वर एमबीबीएस, मग बीडीएस, बीएएमएस, बीएचएमएस, त्याखाली नर्सिंग आणि फार्मसी. यातले काहीच पदरात पडले नाही की कुणीतरी म्हणते, मग बीएस्सी कर, मायक्रो नाहीतर बायोटेक घे. शरीर, रोग आणि औषध यांचा प्रयोगशाळेच्या अंगाने अभ्यास करणारे जे शास्त्र जगभर बायोमेडिसिन म्हणून शिकवले जाते, त्या जैववैद्यकाचा आपल्याकडचा दरवाजा असा उतरंडीच्या तळाशी आहे. दुधाची तहान ताकावर भागवायची, एवढाच त्यामागचा हिशेब. पालकांचा हा समज क्लासवाले पक्का करतात, आणि पुढे प्राध्यापकही वर्गाकडे 'राहिलेल्यांचा वर्ग' म्हणूनच पाहू लागतात.

हा हिशेब चुकीच्या मापाने केलेला आहे, असे माझे म्हणणे आहे. जैववैद्यकाची पदवी कमी प्रतीची डॉक्टरकी नाही, कारण तिचा प्रश्नच निराळा आहे. समोरच्या रुग्णाचे काय करायचे ते डॉक्टर ठरवतो. ते ठरवताना तो ज्या आकड्यांवर, ज्या सीमारेषांवर आणि ज्या औषधांवर विसंबतो, ती भरवशाची आहेत का, आणि इथल्या माणसाला, इथल्या पाण्याला, इथल्या विषाला लागू पडतात का, हे तपासणे हे दुसरे काम आहे. ज्या भागात हे दुसरे काम कुणीच करत नाही, त्या भागाचे वैद्यक उसन्या पुराव्यावर चालते. पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे (ज्याला आता राजगड तालुका हे नाव मिळाले आहे) हे तसे दोन तालुके आहेत. म्हणून या शास्त्राची निकड कोथरूड-बाणेरपेक्षा नीरा, वेळवंडी आणि गुंजवणीच्या खोऱ्यांत जास्त आहे.

१. उतरंड कशी लागली

२०२४ साली नीट देणारे २३ लाखांहून अधिक होते आणि देशातल्या एमबीबीएसच्या जागा १ लाख १० हजारांच्या आसपास. म्हणजे एकवीस जणांत एकाला जागा. उरलेल्या विसांना आपण 'राहिले' म्हणतो. यातून जागा किती कमी आहेत ते कळते, मुले कशी आहेत ते कळत नाही. पर्यायांतून योग्य उत्तर पटकन ओळखणे हे कौशल्य आहे, ते मी कमी लेखत नाही. पण हातात आलेला आकडा न पटणे, तो पुन्हा मोजून पाहणे, दोन कारणांपैकी खरे कोणते याचा महिनोन्महिने पिच्छा पुरवणे, या गोष्टी त्या परीक्षेत कुठेच विचारल्या जात नाहीत, आणि जैववैद्यकाला नेमक्या त्याच लागतात. त्यामुळे नीटमध्ये ६०० गुण मिळवणारा या शास्त्राला लायक असेलच असे नाही, आणि ३०० मिळवणारी नालायक ठरत नाही. ज्या गुणासाठी ती परीक्षा घेतलेलीच नाही, तो गुण तिच्या निकालातून कसा दिसणार?

दुसरे कारण पदव्यांच्या रचनेत आहे. दिल्ली विद्यापीठाच्या काही महाविद्यालयांत बायोमेडिकल सायन्स या नावाची ऑनर्स पदवी आहे. आपल्याकडे तेच शास्त्र तुकड्यांत वाटले गेले: जंतू मायक्रोबायोलॉजीकडे, प्राणी आणि पेशी झूलॉजीकडे, औषध फार्मसीकडे, रक्त-लघवीची तपासणी डीएमएलटी-बीएमएलटीकडे. प्रत्येक तुकडा शिकणाऱ्याला आपण एका मोठ्या कामाचा भाग आहोत हे कुणी सांगत नाही. ब्रिटनमध्ये 'बायोमेडिकल सायंटिस्ट' हे कायद्याने संरक्षित पद आहे. नोंदणी नसेल तर ते नावापुढे लावता येत नाही. आपल्याकडे २०२१ साली संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा झाला आणि त्याच्या यादीत वैद्यकीय प्रयोगशाळा व जीवशास्त्रे हा स्वतंत्र गट आला. संसदेने या कामाला व्यवसाय मानले, घराघरांतली उतरंड मात्र जागची हललेली नाही.

२. रुग्णाचा प्रश्न आणि आकड्याचा प्रश्न

तोरण्याच्या पायथ्याच्या एखाद्या वाडीतल्या बाईचे उपाशीपोटी रक्त घेतले, असे समजा. तिची साखर आहे १३०. उपाशीपोटी १२६ किंवा त्याहून जास्त साखर म्हणजे मधुमेह, ही डॉक्टरांची रेषा. पण नळीत गेलेले रक्त मेलेले नसते. तांबड्या पेशी नळीतही साखर खात राहतात, आणि पेशी वेगळ्या न करता रक्त साध्या तापमानाला राहिले तर दर तासाला साधारण ५ ते ७ टक्के साखर कमी होते. नळी डब्यात बसली, डबा मोटारसायकलवर बसला, वळणावळणाच्या रस्त्याने तीन तासांनी यंत्रापाशी पोहोचला, तर १३० चे १०८ च्या आसपास झालेले असतात. रिपोर्टवर छापील आकडा येतो, यंत्र बिनचूक असते, डॉक्टरचे वाचनही बिनचूक असते, आणि मधुमेह असलेली बाई 'थोडी काळजी घ्या' एवढे ऐकून घरी जाते. राखाडी झाकणाच्या नळीतले फ्लोराइड ही घसरण थांबवते, पण लगेच नाही. त्यालाही तास-दोन तास लागतात. खरा उपाय जागेवरच रक्त फिरवून पेशी वेगळ्या करण्याचा.

या प्रसंगात डॉक्टरची चूक कोणती? कोणतीच नाही. नळीत काय घडले हा प्रश्न त्याच्यापुढे येतच नाही. तो दुसऱ्या कुणीतरी विचारायचा असतो. हल्ली सगळे यंत्रच करते, मग माणूस कशाला, असे म्हणणाऱ्यांनी या तीन तासांचा विचार करावा. यंत्र आपल्यापुढे आलेली साखर मोजते. ती सकाळी किती होती हे त्याला माहीत नसते, आणि रस्ता किती लांबचा आहे हेही नसते. शहरात लॅब चौकात असते, म्हणून तिथे हा प्रश्न फारसा जाणवत नाही. डोंगरात अंतर हाच तपासणीचा एक भाग होऊन बसतो, आणि त्याचा हिशेब ठेवायला एंझाइमची गती समजणारा माणूस तालुक्यातच लागतो.

३. वरंधा घाटाखालचा विंचू

भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुका लागतो. तिथल्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात १९७६ साली डॉ. हिम्मतराव बावस्कर रुजू झाले. लाल विंचवाच्या दंशाने माणसे, विशेषतः लहान मुले, दगावत होती. दरदरून घाम, गार पडलेले हातपाय, उलट्या, आणि शेवटी फुप्फुसात पाणी होऊन तोंडाला येणारा गुलाबी फेस. तीव्र दंश झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण २५ ते ३० टक्के होते. या विंचवाचे विष मज्जातंतूंवरची सोडियमची दारे उघडी धरून ठेवते, त्यामुळे शरीरात ॲड्रिनलिनच्या जातीच्या रसायनांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात आणि हृदय थकते. ही साखळी एकदा कळली की औषध कुठे शोधायचे ते कळते. आवळलेल्या वाहिन्या सैल करणारे प्राझोसिन हे रक्तदाबाचे औषध बाजारात होतेच. ते दिल्यावर मृत्यूचे प्रमाण १ टक्क्याच्या आसपास आले. १९८० च्या दशकात 'लॅन्सेट'मध्ये हे निबंध छापून आले. पुढे २०११ साली 'बीएमजे'त महाडच्या ७० रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. नुसते प्राझोसिन दिलेल्या ३५ जणांपैकी ८ जण दहा तासांत बरे झाले. प्राझोसिनबरोबर विंचूदंशाची प्रतिलसही दिलेल्या ३५ जणांपैकी ३२ जण.

या कथेचे कौतुक आपण नेहमी 'खेड्यातला ध्येयवादी डॉक्टर' या चौकटीत करतो. ध्येयवाद होताच, पण तेवढ्याने विंचू हरला नसता. आधी जे उपचार होत होते तेही निष्ठेनेच होत होते. फरक पडला तो विष कुठली दारे उघडी धरते या प्रश्नाने, आणि नंतर दोन गट पाडून मोजण्याच्या शिस्तीने. तो विंचू ना लंडनच्या पुस्तकात होता, ना मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांच्या रोजच्या कामात. तो या घाटांचा होता, त्यामुळे त्याचे शास्त्रही इथेच तयार व्हावे लागले.

सर्पदंशाचे काम अजून असेच अर्धे आहे. २००० ते २०१९ या काळात देशात वर्षाला सरासरी ५८ हजार माणसे सापाच्या दंशाने गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे मिळणारे सर्पविषावरचे औषध (एएसव्ही) नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर बेतलेले आहे, आणि त्यासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतल्या इरुळा सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशागणिक बदलते हे आता सिद्ध झाले आहे. घाटातल्या जंगलात हिरवा चापडा असतो, तो या चौघांत नाहीच. भातलावणीच्या दिवसांत वेल्ह्यात आलेल्या दंशात कोणता साप किती वेळा होता आणि किती कुप्या लागल्या, याची नीट ठेवलेली नोंद हा पदवीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातला विषय आहे. त्याला ना कोट्यवधींचे यंत्र लागते, ना परदेशी शिष्यवृत्ती.

४. ओटीचा पिवळा रंग

पाण्याचे उदाहरण मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड, किरकटवाडी या भागात गिलन-बारे सिंड्रोमची साथ आली आणि संशयित रुग्णांची संख्या दोनशेच्या वर गेली. राष्ट्रीय विषाणू संस्थेने तपासलेल्या नमुन्यांपैकी काहींत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला. या जिवाणूच्या आवरणावरची साखरेची रचना आपल्या मज्जातंतूंवरच्या एका घटकासारखी दिसते. त्याच्याशी लढायला तयार झालेली प्रतिपिंडे मग आपल्याच मज्जातंतूंवर तुटून पडतात आणि माणूस पायाकडून लुळा पडत जातो. अशा संसर्गानंतर साधारण हजारात एकाला हे होते. म्हणजे वॉर्डात एक लुळा रुग्ण दिसतो, तेव्हा त्याच्यामागे जुलाब होऊन बरे झालेले आणि कुठेच नोंद न झालेले शेकडो लोक असतात. वॉर्डात बसून ते शेकडो दिसत नाहीत. त्यांच्यापर्यंत पोहोचायचे तर जंतू, प्रतिकारशक्ती, मज्जातंतू आणि विहीर या चारही गोष्टी एकाच डोक्यात असाव्या लागतात.

पानशेत आणि वरसगाव या धरणांचे पाणी खाली खडकवासल्यात येते आणि पुणे ते पिते. भोरच्या भाटघरचे आणि नीरा देवघरचे पाणी पूर्वेच्या उसाला जाते. धरणांच्या वरच्या अंगाच्या वाड्या मात्र विहिरी, आड आणि झऱ्यांवर. त्या पाण्याची रोजची तपासणी ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक करतो: नळीत पाणी, त्यात ओटीचे (ऑर्थोटोलिडिनचे) थेंब, पिवळा रंग आला की पाण्यात क्लोरीन आहे. साधी आणि स्वस्त तपासणी. पण थेंब पडताक्षणी येणारा पिवळा रंग मोकळ्या क्लोरीनचा असतो. चार-पाच मिनिटांनी गडद होत जाणाऱ्या रंगात सेंद्रिय घाणीशी आधीच बांधला गेलेला क्लोरीनही मिसळलेला असतो, आणि तो जंतू मारायला कितीतरी कमजोर. नळी भरून ठेवली, कुणाशी दोन शब्द बोलले, मग रंग पाहिला, तर खराब पाणीही चांगले ठरते. पाण्यात टाकायच्या टीसीएल (ब्लीचिंग) पावडरचे तसेच. दमट हवेत पोते उघडे राहिले तर तिच्यातला क्लोरीन उडून जातो. पावडर पांढरीच दिसते, चमचे तेवढेच पडतात, पाण्यात मात्र काही उतरत नाही. पश्चिम वेल्ह्यातल्या पावसाळ्यात पोते कोरडे ठेवणे किती अवघड आहे, हे निराळे सांगायला नको.

ओटी करावी हे जलसुरक्षकाला सांगितलेले असते. थेंब टाकल्याबरोबरच का वाचायचे, हे त्याला कुणी समजावून सांगितले तर? सहा महिने पन्नास विहिरींचे दोन्ही आकडे, ताबडतोबचा आणि पाच मिनिटांनंतरचा, शेजारीशेजारी लिहून ठेवले तर कुठल्या विहिरीत घाण झिरपते ते साथ येण्यापूर्वीच दिसेल. हे ना डॉक्टरचे काम, ना जलसुरक्षकाचे. बीएस्सीच्या तिसऱ्या वर्षात शिकणाऱ्या मुलीचे मात्र आहे.

५. मोजपट्टी कुणाच्या अंगाची

पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या नेतृत्वाखाली १९९३ साली पुण्याभोवतीच्या सहा खेड्यांतल्या स्त्रियांचा अभ्यास सुरू झाला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, इंग्लंडच्या साउदॅम्प्टनमधली ३.५ किलोची. आपली बाळे नुसती लहान असतील असा समज होता. मोजल्यावर दिसले की स्नायू आणि हाडे कमी, पण त्वचेखालची चरबी जवळपास तशीच राखलेली: बारीक दिसणारे आणि तरीही चरबी जपणारे बाळ. २००४ साली याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना छापली. दोघांचा बीएमआय २२.३, युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. भारतीयांसाठी जाडपणाची रेषा २५ ऐवजी २३ वर आणण्यामागे या जातीचा पुरावा आहे. याच अभ्यासातल्या सुमारे दोन तृतीयांश मातांत ब१२ कमी होते. ज्या मातांत ब१२ कमी आणि फोलेट जास्त, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचे प्रमाण सर्वाधिक आढळले. हा निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाला. सरसकट फोलेटच्या गोळ्या वाटण्यात काय गफलत असू शकते, हा प्रश्न त्यातून जगापुढे आला.

ही खेडी भोर-वेल्ह्यातली नव्हेत, आणि माझा मुद्दा तोच आहे. डोंगरातला आहार वेगळा: भात, नाचणी, माळकऱ्यांच्या घरात मांस-मासळी वर्ज्य, कातकरी वस्तीत खेकडे-मासे. ब१२ प्राणिज अन्नातूनच मिळते. मग मैदानी खेड्यांतला निष्कर्ष माळकऱ्याच्या घराला जसाच्या तसा लावायचा, की कातकरी वस्तीला, की दोघांनाही नाही? त्यात आणखी एक गुंता. तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी एचबीए१सी तपासणी लोह कमी असेल तर फुगून येते, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत राज्यातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला होता. म्हणजे मागे सांगितलेल्या उपाशीपोटी तपासणीत साखर कमी दिसण्याचा धोका आणि या तपासणीत जास्त दिसण्याचा. एकाच बाईचे दोन रिपोर्ट दोन दिशांना तोंड करून उभे राहू शकतात, आणि दोन्ही छापील असतात.

६. 'पण हे सगळे डॉक्टरांनीच केले'

हा आक्षेप येणारच, आणि तो बिनतोड वाटतो. बावस्कर डॉक्टर, याज्ञिक डॉक्टर. मग बीएस्सीवाल्यांचे श्रेय कोणते? पहिली गोष्ट, या दोघांनी केले ते त्यांच्या पदवीने त्यांच्याकडून मागितलेलेच नव्हते. रुग्ण तपासून, औषध लिहून ते मोकळे झाले असते तरी चांगले डॉक्टरच राहिले असते. त्यांनी दुसरे काम अंगावर घेतले, आणि दोन्ही कामे एकाच माणसाने करणे हा अपवाद आहे. अपवादांच्या भरवशावर दोन तालुक्यांचे आरोग्य ठेवणे धोरण म्हणून परवडत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे इतिहास या आक्षेपाला साथ देत नाही. कमल रणदिवे १९१७ साली पुण्यात जन्मल्या. मुलीने डॉक्टर व्हावे आणि डॉक्टरशीच लग्न करावे, अशी वडिलांची इच्छा होती. त्यांनी फर्ग्युसनमधून वनस्पतिशास्त्र आणि प्राणिशास्त्र घेऊन बीएस्सी केली, १९४९ मध्ये मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली आणि मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातली पहिली ऊतीसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. स्तनाच्या कर्करोगावर त्यांनी केलेले काम एमबीबीएसच्या जोरावर झालेले नाही. कमला सोहोनी यांचेही तसेच: मुंबई विद्यापीठाची बीएस्सी, १९३९ साली केंब्रिजची पीएच.डी., आणि पुढे नीरा या ताडाच्या रसाच्या पोषणमूल्यावरचे, गरोदर आदिवासी स्त्रियांच्या आणि मुलांच्या आहाराशी थेट भिडणारे संशोधन. महाडच्या चाचणीत वापरलेली विंचूदंशाची प्रतिलसदेखील विष, घोडे आणि प्रतिपिंडे यांच्याबरोबर काम करणाऱ्या माणसांनी बनवलेली असते. ती बाह्यरुग्ण विभागात तयार होत नाही. शेजारच्या पुरंदरमधल्या बेलसरला जुलै २०२१ मध्ये राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला, कारण तिथले नमुने राष्ट्रीय विषाणू संस्थेत पोहोचले होते. नाहीतर गावात तापाची साथ होती, एवढेच दप्तरी राहिले असते.

७. पोटाचा प्रश्न

नोकरीचा आक्षेप मात्र मी झटकून टाकणार नाही. नुसत्या बीएस्सीवर मिळणारा पहिला पगार बेताचा असतो, आणि पुढे एमएस्सी, पीएच.डी. करेपर्यंत घराने वाट पाहावी लागते. मढे घाटाच्या वाटेवरच्या वाडीतल्या, एकरभर भाताच्या जोरावर चाललेल्या घराने डीएमएलटी करून लवकर कमावता मुलगा पसंत केला तर तो निर्णय शहाणपणाचा आहे, आणि डीएमएलटीला नाक मुरडणाऱ्यांना मुरडू द्यावे. पण हा युक्तिवाद पैशांचा आहे, शास्त्राच्या दर्जाचा नाही, आणि आपण दोहोंची सतत गल्लत करतो. पैशाचा प्रश्न शिष्यवृत्तीने, वसतिगृहाने, पदनिर्मितीने सुटतो. 'हे राहिलेल्यांचे शास्त्र' असे एकदा ठरवले की यातली कुठलीच मागणी करायला तोंड उरत नाही, कारण राहिलेल्यांसाठी पदे कोण मागणार?

डोंगरी तालुक्याला आधी डॉक्टर हवा, शास्त्रज्ञ नंतर, असेही म्हटले जाते. डॉक्टर हवाच. पण २०११ च्या जनगणनेनुसार भोरची लोकसंख्या सुमारे १ लाख ८६ हजार आणि वेल्ह्याची सुमारे ५४ हजार. एवढ्या, तेही पसरलेल्या वस्तीत विशेषज्ञ टिकवणे अवघड आहे आणि अवघड राहील. जिथे डॉक्टर कमी, तिथे चुकीच्या रिपोर्टची किंमत जास्त, कारण दुसरे मत घ्यायला माणूस थेट पुण्याला जातो, नाहीतर जातच नाही. डॉक्टरांची टंचाई हे या शास्त्राला थांबवण्याचे कारण न होता त्याची गरज वाढवणारे कारण ठरते.

८. पदवीतला खरा दोष

समज उथळ आहे म्हणून पदवी निर्दोष ठरत नाही. सध्याचा अभ्यासक्रम हे शास्त्र ज्या तऱ्हेने शिकवतो, त्याने उतरंडीचा समज खराच होतो. ग्रॅम स्टेनिंग ठरलेल्या जिवाणूवर, उत्तर आधीच माहीत. जर्नलमध्ये मागच्या वर्षीच्या वहीतले आकडे, सबमिशन, व्हायवा, सही. आलेले निरीक्षण अपेक्षेशी जुळले नाही तर ते खोडून बरोबर लिहायचे, हीच सवय तीन वर्षे अंगी मुरते. या शास्त्राचा प्राण ज्या गोष्टीत आहे, म्हणजे न जुळलेल्या आकड्याच्या मागे लागण्यात, तीच प्रॅक्टिकलच्या तासाला मारली जाते. संख्याशास्त्र जोडविषय म्हणून उरकले जाते. इंग्रजी पाठ्यपुस्तकातली व्याख्या पाठ असते, पण जलसुरक्षकाला ती मराठीत समजावून सांगता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणाने चार वर्षांची पदवी आणली, फील्ड प्रोजेक्ट, प्रत्यक्ष कामावरचे प्रशिक्षण (ओजेटी) आणि समाजसहभागाचा उपक्रम (सीईपी) यांचे क्रेडिट सक्तीचे केले. पथनाट्य, रॅली आणि फोटोसह अहवाल हा ते क्रेडिट मिळवण्याचा सर्वांत सोपा मार्ग आहे. चौथ्या वर्षाचे संशोधन तर मार्गदर्शक असतील तिथेच होणार, आणि तालुक्याच्या ठिकाणी मार्गदर्शकांचीच वानवा. इथे भोर-विंझरच्या महाविद्यालयांनी पुण्याकडे पाहत बसण्याचे कारण नाही. भोरमध्ये फार्मसीचे महाविद्यालय आहे, उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि सारोळ्याचा पूल ओलांडला की शिरवळला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. गोठा आणि घर एकाच छपराखाली असलेल्या भागात जनावरांचे आणि माणसांचे आजार वेगळे शिकवणेच चूक आहे. लेप्टोस्पायरोसिस भातखाचरातल्या पाण्यातून येतो, आणि तो कुठल्या विभागाचा विषय हे विचारून येत नाही.

माणसाचे रक्त घ्यायचे तर नैतिकता समितीची मंजुरी लागते, आणि ती लागायलाच हवी. वीस वर्षांच्या मुलांच्या हाती वाडीतल्या बायकांना टोचायच्या सुया देऊ नयेत. म्हणून सुरुवात रक्तापासून करू नये. पहिली दोन वर्षे पाणी, डासांच्या अळ्या आणि टीसीएलची पोती घ्यावीत. विहिरी ठरवून द्याव्यात आणि प्रत्येक नव्या तुकडीने मागच्या तुकडीच्याच विहिरी पुढे चालवाव्यात. न जुळलेला आकडा खोडणाऱ्याचे गुण कापावेत, वर्षाच्या शेवटी वह्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याच्या टेबलावर जाव्यात आणि त्यांची एक प्रत महाविद्यालयात राहावी. यासाठी नवे अनुदान येईपर्यंत थांबायचे कारण नाही. क्रेडिट अभ्यासक्रमात आहे, आणि ओटीची बाटली ग्रामपंचायतीत.